जुना क्लब की तासावरचं कोर्ट? नाशिकमध्ये पुन्हा रॅकेट हाती घेणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये बॅडमिंटन खेळायला जागा मिळत नाही ही तक्रार आता कोणी करू नये. गंगापूर रोडला जा, इंदिरानगरला जा, पाथर्डी फाट्याकडे जा. कुठेतरी एखाद्या मळ्याच्या कडेला पत्र्याची उंच शेड दिसतेच आणि आत हिरव्या मॅटची चार-सहा कोर्टं. मोबाईलवर तास बुक करा, पैसे भरा, खेळा, घरी या. दुसऱ्या बाजूला शहरातला जुना क्लब. दगडी इमारत, व्हरांडा, छापील फॉर्म, सूचक, अनुमोदक आणि एकरकमी भरायची अशी रक्कम, की घरात त्यावरून चार दिवस तरी बोलणी व्हावीत.

मला विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे असतात. कॉलेजात खेळलेले, मग नोकरी-संसारात रॅकेट माळ्यावर गेलेली, आता डॉक्टरांनी साखरेवर बोट ठेवलं म्हणून ती खाली काढलेली. क्लबात पैसे अडकवावेत का, एवढंच त्यांना हवं असतं. मी आधी बरीच वर्षं शेडमध्ये खेळलो, आता क्लबात खेळतो. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे उघडच आहे. तरी शेडची बाजू जमेल तितकी प्रामाणिकपणे मांडतो. दोन्हीकडे रोजची माणसं आहेत, म्हणून नावं घेत नाही. नाशिककरांना पत्ता सांगायची गरजही नाही.

पैशाचं आधी उरकून टाकू. शेडमध्ये कोर्टाचे तासाला तीनशे-चारशे रुपये, चौघांत वाटले की माणशी फार तर शंभर. आठवड्याला चार दिवस खेळलात तरी महिन्याचा खर्च एखाद्या बऱ्या जिमएवढा. क्लबचा प्रवेश शुल्काचा आकडा लाखांत जातो, तो परत मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी आणि त्यानंतर वार्षिक वर्गणी वेगळीच. तीच रक्कम बँकेत ठेवली तर आलेल्या व्याजात शेडचं भाडं आरामात निघेल. माझ्या एका बँकवाल्या मित्राने मला हा हिशोब कागदावर करून दिला होता. कागद बरोबर होता. निव्वळ आकड्यांवर निर्णय घ्यायचा असेल तर शेड स्वस्त आहे आणि पुढची कित्येक वर्षं स्वस्तच राहील. घरात कोणी टेबल टेनिस खेळणारं असेल, कोणाला पोहायचं असेल, तर क्लबचं पारडं थोडं सावरतं, पण फार नाही.

मुलांच्या कोचिंगसाठी तर विचारूच नका, सरळ शेड. तिथे रोज संध्याकाळी तरुण कोच असतात, मल्टिशटल (एकामागून एक शटल टाकत घेतलेला सराव) करून घेतात, वयोगटाच्या स्पर्धांची माहिती ठेवतात. क्लबात मुलं आई-वडिलांची वाट बघत कॅरम खेळतात.

आता कोर्ट. इथे माझ्या जुन्या क्लबची बाजू लंगडी आहे. शेडमध्ये मॅट, त्याखाली लाकडी पट्ट्यांचा उचल देणारा थर, भिंती गडद हिरव्या किंवा निळ्या, म्हणजे पांढरं शटल स्वच्छ दिसतं. आमच्याकडे दोनच कोर्टं, जुनी सागवानी फळ्यांची जमीन आणि भिंतींना कोणे एके काळी लावलेला पिवळट रंग. संध्याकाळी उंच लॉब त्या पिवळ्यात शिरला की क्षणभर गायबच होतो. छत म्हणावं तितकं उंच नाही, एका कोर्टावर तुळईला शटल लागतं आणि त्याचे आमचे खास नियम आहेत, ते नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात पाठ होतात.

दिव्यांच्या बाबतीत मात्र मला क्लब बरा वाटतो. बऱ्याच शेडमध्ये एलईडी थेट कोर्टाच्या डोक्यावर लावलेले असतात. क्लिअर, म्हणजे शटल उंच आणि थेट मागे मारायला मान वर केली की डोळ्यांत उजेड, आणि पुढचे दोन शॉट अंदाजाने. जुन्या हॉलमध्ये दिवे बाजूने आहेत. गुडघ्यांबद्दल बोलायचं तर माझ्या गुडघ्यांना लाकूड मानवतं. शेडची मॅट चांगली पकड देते, पण पाय जिथल्या तिथे अडकतो आणि झटका वर जातो असं मला वाटतं. काही स्नेह्यांचा अनुभव नेमका उलटा आहे. लाकडावर धूळ साचली की पाय सरकतो हे त्यांचं म्हणणं खरं आहे. आमच्याकडे खेळण्याआधी ओलं पोतं फिरवावं लागतं आणि ते कोणी फिरवायचं यावर रोज एक छोटी चर्चा होते.

हवामानाचाही विचार करा. मे महिन्यात दुपारनंतर पत्र्याची शेड तापते ती रात्री आठपर्यंत निवत नाही, आणि शटल वाऱ्याने वाहू नये म्हणून पंखेही बंद. जुन्या इमारतीच्या जाड भिंती तेव्हा उपयोगी पडतात. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजात पार्टनरने ‘युअर्स’ म्हटलं की ‘माइन’ हे ऐकूच येत नाही. थंडीत दोन्हीकडे सारखंच. निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या येतात, त्या दिवसांत सकाळी सहाला शटल जड चालतं. पिसांचं शटल वापरणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर, हवा विरळ, त्यामुळे उन्हाळ्यात ७७ नंबरचं शटल (नंबर म्हणजे वेग, जितका मोठा तितकं शटल वेगवान) बॅक लाइनच्या बाहेर पडायला लागतं. आम्ही तेव्हा ७६ मागवतो आणि डिसेंबरात पुन्हा ७७ वर येतो. कोरड्या हवेत पिसं तडकतात म्हणून डबीचं झाकण उघडून गरम पाण्याची वाफ दाखवायची. शेडमध्ये बहुतेक लोक नायलॉनवर खेळतात. हल्ली पिसांच्या शटलचे भाव बघता त्यांना दोष देता येत नाही. एका शटलला १६ पिसं लागतात आणि आमच्यातल्या एका दणकट स्मॅशवाल्याला ती सोलायला दोन गेम पुरतात.

क्लबचा शिष्टाचार हा विषय बऱ्याच जणांना खुपतो आणि ते चुकीचं नाही. कॉलरचा शर्ट हवा, चप्पल घालून व्हरांड्यात यायचं नाही, पाहुणा आणला तर रजिस्टरमध्ये सही करून त्याची फी भरायची, फॉर्म भरल्यावर तुमचं नाव नोटीस बोर्डावर लागणार आणि मग समिती बोलावणार. हे सगळं आलं इंग्रजांकडून. मुंबईच्या विलिंग्डन क्लबने एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून आत घेतलं नव्हतं, ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगितली जाते. न्यूयॉर्कला पार्क अव्हेन्यूवर रॅकेट अँड टेनिस क्लब म्हणून एक प्रसिद्ध क्लब आहे. १९१८ सालची इमारत, आत स्क्वॉश, ‘रॅकेट्स’ नावाचा भिंतीवर चेंडू मारायचा जुना खेळ आणि चारही बाजूंनी भिंती असलेलं जुन्या पद्धतीचं टेनिस. तिथे कित्येक दशकं सभासदत्व पुरुषांपुरतंच ठेवलेलं होतं. गंमत अशी, की या क्लबांमधला रॅकेट्स हा खेळ अठराव्या शतकात लंडनमधल्या कर्जबुडव्यांच्या तुरुंगांत भिंतीवर चेंडू मारत वाढला. तिथून तो हॅरो शाळेत गेला, हॅरोच्या मुलांनी त्यातून स्क्वॉश काढला, आणि कैद्यांच्या खेळाला शेवटी गालिचे, बटलर आणि प्रतीक्षा यादी मिळाली.

आपल्या गावात तर याहून बोलकी गोष्ट आहे. त्र्यंबक रोडवरच्या ज्या मैदानाला आपण सगळे अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतो, त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. डिसेंबर १९०९ मध्ये विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणाऱ्या कान्हेरेंच्या नावाने साहेबांच्या खेळाची जागा ओळखली जाते, तिथे सकाळी नाशिककर चालायला जातात आणि रणजीचे सामने होतात. तेव्हा क्लबातल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाने तुमच्या टी-शर्टकडे भुवई उंचावून पाहिलं, तर फार मनाला लावून घेऊ नका.

पण फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा: पत्नीचं सभासदत्व कोणत्या प्रकारचं? बऱ्याच जुन्या क्लबांत नवरा मुख्य सभासद आणि बायको त्याची ‘अवलंबित’ असते. उद्या मतदान, पाहुणा आणणं, नवऱ्याच्या माघारी कार्ड चालू राहणं, या सगळ्याची उत्तरं त्या एका शब्दात अडकलेली असतात. मुलांचंही तसंच. ठरावीक वय उलटलं की त्यांना वेगळं सभासदत्व घ्यावं लागतं, ते वय किती आणि तेव्हा सवलत किती, हे लेखी घ्या. शेडमध्ये हा प्रश्नच नाही. जो पैसे भरेल तो खेळेल, बाई असो की पुरुष, बूट नॉन-मार्किंग, म्हणजे कोर्टावर डाग न पाडणारे असले की झालं. हे मला शेडचं सगळ्यात मोठं बळ वाटतं आणि ते मी मनापासून म्हणतो.

मग मी क्लब का घेतला? चौथ्या गड्यामुळे.

शेडमध्ये कोर्ट मिळतं, माणसं मिळत नाहीत. माणसं आपली आपण न्यायची. डबल्सला चौघं हवेत, म्हणून आठ-दहा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप. रात्री नऊला कोणीतरी टाकतो, ‘उद्या सहा?’ पहिले दोघं लगेच हात वर करतात. तिसरा अकराला. चौथा ‘सकाळी उठलो की सांगतो’. आता कोर्ट तर आदल्या दिवशीच बुक करावं लागतं, नाहीतर सहाचा तास जातो. मग ज्याने बुक केलं तो रात्रभर धाकधुकीत. पहाटे साडेपाचला मेसेज: ‘सॉरी, मुलाला ताप.’ ‘सॉरी, नाइट शिफ्ट लांबली.’ सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे आमच्यात बरेच, त्यांचं शिफ्टचं गणित त्यांच्याही हातात नसतं. राग कोणावर धरणार? तिघं पोचतो. एकाविरुद्ध दोघं असा काहीतरी लुटुपुटीचा खेळ होतो, चाळिशीतला एकटा माणूस वीस मिनिटांत धापा टाकतो आणि पैसे पूर्ण कोर्टाचे.

उलट कधी सहा जण येतात. मग दोघं बाकावर बसून घड्याळ बघतात, कारण तास संपतोय. वीस-वीसवर ड्यूस चालू आहे आणि पुढच्या तासाची पोरं कोर्टाच्या कडेला शटल उडवत उभी. बिचारी काही बोलत नाहीत, पण त्यांच्या रॅकेटचा टकटक आवाज पुरेसा असतो. वर कोर्टाचे पैसे एकाने भरायचे, बाकीच्यांनी जीपेने पाठवायचे, शटल कोणी आणलं त्याचा वेगळा हिशोब, आणि महिन्याच्या शेवटी एकाकडे नेहमी थोडे बाकी. मागायला लाज वाटते, सोडून द्यायला जिवावर येतं.

खेळापेक्षा खेळ जमवण्यातच माझा जीव जायला लागला. माणसं चांगली होती, अजूनही मित्र आहेत, पण त्या ग्रुपचा ॲडमिन म्हणजे रोज सकाळी लग्न लावणारा भटजी झाला होता. नवरा आहे तर नवरी नाही.

क्लबात हे सगळं एका साध्या पद्धतीने मिटतं. कोर्टाच्या कडेला भिंतीशी एक बाक आहे, त्यावर आलेल्याने आपली रॅकेट ओळीत ठेवायची. नंबर लावला म्हणायचं. कोर्ट रिकामं झालं की पहिल्या चार रॅकेटचे मालक आत. २१ चा एक गेम, मग जिंकलेले-हरलेले सगळे बाहेर आणि रॅकेट पुन्हा ओळीच्या शेवटी. कोणाला फोन नाही, कोणाची मनधरणी नाही. मी साडेसहाला एकटा जातो. आज पार्टनर सत्तरीचे निवृत्त प्राध्यापक नाना, उद्या कॉलेज रोडवरची दंतवैद्य ताई, परवा कोणाचा तरी पुण्याहून आलेला जावई. ‘नाना, नंबर लावला का?’ एवढं विचारलं की दिवस सुरू.

याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. शेडमध्ये वर्षानुवर्षं आम्ही तेच सात-आठ जण एकमेकांशी खेळत होतो. कोणाचा बॅकहँड कच्चा, कोण नेटवर घाबरतो, सगळं पाठ. खेळ सुधारणं थांबलं होतं. क्लबात नानांसारखी माणसं भेटतात, ज्यांचे पाय फारसे हलत नाहीत पण मनगट बोलतं. स्मॅशच्या तयारीत दिसतात आणि शटल नेटच्या लगेच पलीकडे अलगद ठेवतात. ही जुन्या महाराष्ट्राची चाल आहे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर याच मनगटाच्या जोरावर १९५६ साली परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. पुण्याच्या छावणीतच इंग्रज अधिकाऱ्यांनी या खेळाचे सुरुवातीचे नियम बांधले, त्यामुळे आपल्याकडे हा खेळ बाहेरून आला असं म्हणताना मला नेहमी थोडं अडखळायला होतं. हल्लीची पोरं ताकदीवर खेळतात, शेडमध्ये तेच बघायला मिळतं. नानांच्या या अलगद ‘ड्रॉप’ला तोंड देऊन मला जे आलं ते कोणत्याही मॅटवर आलं नसतं, असं माझं आपलं मत.

तसं पाहिलं तर कोर्ट कसं आहे यावर फार काही अवलंबून नसतंच. प्रकाश पदुकोण बंगळुरूत लग्नाच्या हॉलमध्ये खेळून शिकले आणि १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकून आले. लग्न असेल त्या दिवशी खेळ बंद. आमच्या क्लबात हा भाग अजून जिवंत आहे. लग्नसराईत लॉन भाड्याने जातं, संध्याकाळी पार्किंग मिळत नाही, बॅक लाइनवर उभं राहिलं की बाहेरच्या डीजेचा ठोका तळपायाला जाणवतो. सकाळच्या खेळाला त्याचा त्रास नाही, पण संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर डिसेंबर ते मे या काळाचं कॅलेंडर ऑफिसात बघून घ्या. संध्याकाळच्या माणसाला शेड जास्त भरवशाची, हे मान्य करावंच लागेल.

स्क्वॉश खेळायचं असेल तर फार तुलना करत बसू नका. त्याला ९.७५ बाय ६.४ मीटरची चार भिंतींची खोली लागते, तीत दुसरं काही करता येत नाही, म्हणून तासावर धंदा करणारा शेडवाला सहसा तो खर्च करत नाही. जुन्या क्लबात मात्र साहेबाच्या काळापासून ती खोली पडून असते, आमच्याकडे मध्ये काही वर्षं तिथे खुर्च्या रचलेल्या होत्या. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश येणार म्हटल्यावर खुर्च्या हलल्या. स्क्वॉशला दोघंच लागतात, त्यामुळे चौथ्या गड्याचा प्रश्नही नाही.

अंतराचा विचार मात्र करा. क्लब गावात, आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. सिडको किंवा पाथर्डीकडून रोज सकाळी येणं सोपं नाही, आणि पाच मिनिटांवर शेड असताना पाऊण तास रस्त्यात घालवणाऱ्याचा उत्साह पहिल्या पावसाळ्यात संपतो. तुमचा चौघांचा पक्का संच असेल, त्यांच्या शिफ्टा जुळत असतील, मुलं कोचिंगला तिथेच जात असतील, तर क्लबाकडे बघूही नका. असे संच असतात, मला हेवा वाटतो त्यांचा.

बाकीच्यांनी एवढं करा. पैसे भरण्याआधी ओळखीच्या सभासदाला सांगून एखाद्या कामाच्या दिवशी, मंगळवारी-बुधवारी, सकाळी साडेसहाला पाहुणे म्हणून जा. रविवारी जाऊ नका, रविवारी सगळेच क्लब भरलेले दिसतात आणि निम्मे लोक मिसळीला आलेले असतात. कोर्टाशेजारच्या बाकाकडे बघा. सहा-आठ रॅकेट ओळीने लागलेल्या असतील तर फॉर्म घ्या. बाक रिकामा आणि सगळे व्हरांड्यात चहा घेत पेपर वाचत बसलेले असतील, तर तिथला चहा घ्या, पाहुण्याची फी भरा आणि घराजवळच्या शेडमधला सकाळचा तास बुक करून टाका.